रीलफुट सरोवरावरील सायंकाळ

अमेरिकेंतील टेनेसी संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यांत, मिसिसिपी नदीपासून जवळच, रीलफुट नांवाचें एक उथळ सरोवर आहे. वसंत ऋतूंत सूर्य कलूं लागला, कीं तेथें मासे धरणाऱ्यांच्या लहान लहान होड्या निघतात. येथील जुन्या घाटणीच्या होडीच्या वल्ह्यांस मध्यें एक सांधा असतो. त्यामुळें वल्हविणाऱ्यास पाठमोरें न बसतां समोर पाहत जातां येतें. ही सोय केवळ हौसेची नव्हे. पाण्याखालीं जागोजाग वृक्षांचे बुंधे उभे असून त्यांवर होडी आदळण्याची भीति असते.

याच बुंध्यांच्या आडोशास क्रॅपी नांवाचा मासा राहतो. अंगानें चपटा, रुपेरी व काळ्या ठिपक्यांचा हा मासा संध्याकाळीं बारीक मासळीच्या शोधार्थ बाहेर पडतो. त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. गळास हिसका बसला, कीं ती फाटून मासा निसटतो. त्यास धरण्यास बळापेक्षां धीर अधिक लागतो.

हे बुंधे एका बुडालेल्या अरण्याचे अवशेष होत. १६ डिसेंबर १८११ पासून ७ फेब्रुवारी १८१२ पर्यंत या प्रदेशास न्यू माद्रिदच्या भूकंपांचे प्रचंड धक्के बसले. जमीन खचली, पाणी भरलें आणि सरोवर निर्माण झालें. कांठीं येऊन राहिलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथें मासे धरीत आले. निसर्गानें दिलेल्या पाण्यास कोणी धनी असेल, हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

परंतु भूकंपापूर्वीं दिलेल्या जमिनींच्या सनदा शिल्लक होत्या. त्यांच्या आधारें वेस्ट टेनेसी लँड कंपनीनें सरोवरावर मालकी सांगितली व मासेमारीचा मक्ता दिला. कालपर्यंतचा हक्क आज चोरी ठरला! तेव्हां मुखवटे चढविलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या रात्रीं फिरूं लागल्या. १९ ऑक्टोबर १९०८ च्या रात्रीं त्यांनीं कंपनीचे दोन वकील पळवून नेले. कॅप्टन क्वेंटिन रँकिन यांस त्यांनीं ठार केलें. वृद्ध रॉबर्ट टेलर हे पाण्यांत उडी टाकून बचावले. गाऱ्हाणें खरें होतें. पण त्यामुळें हा खून न्याय्य ठरत नाहीं. सहा आरोपींस फांशीची शिक्षा झाली, ती १९०९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली.

जें बंदुकीस साधलें नाहीं, तें अखेर कायद्यानें घडलें. १९१३ सालीं टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानें हें सरोवर नौकागमनास योग्य ठरवून त्यावरील जनतेचा हक्क मान्य केला, आणि १९१४ सालीं तें संस्थानाच्या ताब्यांत आलें.

आज तेथें मावळत्या उन्हांत कोणी होडी थांबवून हलकेंच गळ सोडतो. तो धरतो एक लहानसा मासा. पण तो धरण्याची मोकळीक मिळण्यास एक भूकंप, एक खून आणि एक न्यायनिवाडा व्हावा लागला.