होमब्रू संगणक मंडळाच्या सभा

इतिहासात तहांना आणि लढायांना जेवढी जागा मिळते, तेवढी मंडळांच्या बैठकांना मिळत नाही. परंतु ज्या यंत्रावाचून आज बँकेचे किंवा पोस्टाचे पान हलत नाही, ते यंत्र सामान्य माणसाच्या टेबलावर कसे येऊन बसले हे शोधू गेल्यास आपणांस कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावच्या एका गॅरेजात जावे लागते. गॉर्डन फ्रेंच यांच्या या गॅरेजात ५ मार्च १९७५ रोजी ३२ माणसे जमली होती. त्यांचे दुसरे आमंत्रक फ्रेड मूर. हे गृहस्थ मुळात शांततावादी. १९५९ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात लष्करी शिक्षणाच्या सक्तीविरुद्ध ते उपोषणास बसले होते. अशा सत्याग्रही माणसाने यंत्राच्या नादी लागावे याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. पण त्यांचे म्हणणे पाहिले म्हणजे ते उरत नाही. यंत्राचे ज्ञान मूठभरांच्या कुलपात राहू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्या काळी संगणक म्हणजे सरकारचे, विद्यापीठाचे अथवा बड्या कंपनीचे वैभव. १९७५ च्या जानेवारीत मात्र ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राची वार्ता दिली. सुमारे चारशे डॉलरांस सुट्या भागांचा संच मिळे. डाख देऊन तो आपणच जोडावयाचा. इतके करून हाती काय येई? कळफलक नाही, पडदा नाही. पुढच्या बाजूस बटणांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. स्मरणशक्ती २५६ अक्षरांची. पोस्टकार्डावरचा मजकूरदेखील तीत मावावयाचा नाही. या यंत्राचे करावयाचे काय, हा प्रश्न जोडणाऱ्यालाच पडे, आणि त्यासाठीच मंडळ हवे होते. ‘होमब्रू’ म्हणजे घरी गाळलेली दारू. नावातच थट्टा होती.

एप्रिलमधल्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पियर आपले यंत्र घेऊन आले. एकेक बटण खालीवर करीत त्यांनी कार्यक्रम भरला. इतक्यात कोणाचा तरी पाय तारेला अडखळला आणि सारे पुसले गेले. त्यांनी पुन्हा आरंभापासून भरले. मग यंत्रावर ठेवलेल्या साध्या रेडिओतून बीटल्सच्या एका गीताची चाल ऐकू येऊ लागली. यंत्राच्या चालण्याने रेडिओत जी खरखर उठे, तिलाच त्यांनी सुरात बसविले होते. सभा उठून टाळ्या वाजवू लागली. ज्याला वाचा नव्हती ते गाऊ लागले, एवढेच पाहण्यासाठी माणसे आली होती असे म्हटले तरी चालेल.

पुढे सभा स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सेन्स्टाइन हे हाती काठी घेऊन सूत्रसंचालन करीत. प्रथम ज्याला जे सांगावयाचे वा मागावयाचे ते त्याने उभे राहून सांगावे. नंतर सभागृह मोकळे, ज्याने त्याने आपला माणूस गाठावा. स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपल्या यंत्राचे आराखडे येथेच फुकट वाटले. त्याच यंत्रातून १९७६ मध्ये ॲपल कंपनी उभी राहिली.

आता कलहाकडे वळू. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक ही भाषा रचली होती. १९७५ च्या जूनमध्ये पालो आल्टोतील एका प्रदर्शनातून तिची कागदी फीत कोणीतरी उचलली. मंडळाच्या सभेत फितींची पेटीच आली. अट एकच: एक न्यावी, दोन करून आणाव्यात! ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्स यांनी खुले पत्र लिहिले. यंत्र विकत घेता, मग त्यावर चालणारी बुद्धी चोरता का, असा त्याचा आशय होता. पत्र उद्धट होते, तरी त्यातला प्रश्न खोटा होता असे आम्हांस वाटत नाही. महिनोन् महिने राबलेल्यास मोबदला नको काय? पण दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. मूळ बेसिक १९६४ मध्ये डार्टमथ येथील केमेनी व कर्ट्झ या अध्यापकांनी रचली होती, आणि ती सर्वांना खुली होती.

मंडळींनी नुसता वाद घातला नाही. ‘टायनी बेसिक’ या नावाने लहान भाषा तयार होऊ लागल्या, त्यांची सूत्रे छापून कोणासही दिली जाऊ लागली. टॉम पिटमन या सभासदाने आपली टायनी बेसिक अवघ्या पाच डॉलरांस विकावयास काढली. इतक्या थोड्या किमतीत चोरण्यापेक्षा विकत घेणे सोपे पडेल, हा त्यांचा हिशेब; आणि लोकांनी पैसे पाठविलेही.

मंडळ मोडले ते या कलहामुळे नव्हे. सभासदांच्याच कंपन्या निघाल्या. काल जो आराखडा फळ्यावर काढून दाखवी, तो आज मालाची गुपिते राखण्यासाठी गप्प बसू लागला. काहींचे येणेच थांबले. १९८६ च्या डिसेंबरात सभा बंद झाल्या.