एका भागाकारामागची दोन वर्षे : ओहमच्या नियमाचा इतिहास

१/ विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या इस्त्रीचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. शाळकरी मुले हे गणित अर्ध्या मिनिटात सोडवतात. २०० वर्षांपूर्वी मात्र यांतील एकही एकक अस्तित्वात नव्हते.

२/ जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १७८९ सालचा, जर्मनीतील एर्लांगेनचा. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. स्वतः शिकलेले आणि मुलांनाही गणित शिकवणारे. १८१७ पासून ओहम कोलोनच्या जेझुइट विद्यालयात शिकवत होते. विद्यापीठातील अध्यापकपद ही त्यांची आकांक्षा होती.

३/ तारेची लांबी वाढवली की धारा कमी होते. पण किती प्रमाणात? १८२५ मध्ये त्यांनी याचे सूत्र प्रसिद्ध केले. ते चुकीचे निघाले. दोष गणितात नव्हता, विद्युतघटात होता. त्या काळच्या घटाचा जोर वापरताना सतत उतरत असे. मोजपट्टीच आखडत असेल, तर माप खरे कसे यावे?

४/ पोगेनडॉर्फ यांनी सुचवले, घटाऐवजी तापविद्युत युग्म वापरावे. सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते की दोन भिन्न धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगळे ठेवल्यास धारा वाहते. ओहमनी बिस्मथ आणि तांबे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने अढळ, म्हणून विद्युतजोरही अढळ.

५/ मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून परिपथात जोडल्या. धारेमुळे वळणारी चुंबकसूची मूळ जागी आणण्यासाठी तिला टांगणारी पट्टी किती पिळावी लागते, हेच धारेचे माप. १८२६ मध्ये नियम हाती आला : धारा ही विद्युतजोराच्या सम प्रमाणात आणि परिपथाच्या एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते.

६/ १८२७ मध्ये ग्रंथ आला. फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या गणिताचा आदर्श समोर ठेवून त्याची मांडणी केली होती. विद्युतशास्त्रात गणिताला एवढे स्थान देणे अनेक जर्मन विद्वानांना मानवले नाही. अपेक्षित पद मिळाले नाहीच. १८२८ मध्ये ओहमनी कोलोनची नोकरीही सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली.

७/ १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जूल यांनी सिद्ध केले की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वरच्या इस्त्रीला हे लावून पाहावे : ५ × ५ × ४६ = ११५०. दोन वाटांनी उत्तर एकच येते, कारण दोन्ही वाटा ओहमच्या नियमाने जोडलेल्या आहेत.

८/ म्युनिक येथे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये; १८५४ मध्ये ओहम निवर्तले. १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले. आजच्या उदाहरणात व्होल्टेज ‘दिलेले’ असते. ओहमना ते कोणी दिले नव्हते. उकळते पाणी आणि बर्फ यांच्या मदतीने आधी ते स्थिर करावे लागले, भागाकार त्यानंतरचा.