सहकुटुंब सातासमुद्रापार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टिटवाळ्याहून लोकल पकडली की आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. कल्याण ते वाशिंद हा रेल्वेमार्ग १८५५ साली सुरू झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६५ साली, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना, सासरचं आनंदी. पुढे डॉक्टर होणाऱ्या या आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांच्या अमेरिकेच्या वाटेवर काही मिशनरी कुटुंबं उभी आहेत, ती फारशी कोणाला ठाऊक नसतात. आज त्यांच्याविषयी बोलू.

आपल्याकडे समुद्र ओलांडणं निषिद्ध होतं, त्या काळात तिकडची माणसं बायकामुलांसह धर्मप्रचाराला इकडे येत होती. विल्यम केरी हे नाव घ्या. व्यवसायाने चांभार असलेला हा इंग्रज १७९३ साली बंगालमध्ये आला. पत्नी डोरोथी आधी निघायला तयारच नव्हती. शेवटी बहीण सोबत येणार म्हटल्यावर ती निघाली. वर्षभरातच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला आणि डोरोथीचं मन ढळलं ते कायमचं. १८०७ साली श्रीरामपूरला ती वारली. याच केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. त्याचं ऋण आपण मानतो. त्या ऋणात डोरोथीचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतून पहिली तुकडी निघाली १८१२ साली. त्यात नवविवाहित जोडपी होती. कलकत्त्याला उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. त्यांतली हॅरिएट न्यूवेल समुद्रातच बाळंत झाली, मूल गेलं, आणि मॉरिशसला तीही गेली. वय अवघं एकोणीस. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभं राहिलं. १८२६ साली हॉल नाशिककडे गेला असता पटकीने वारला. बायको तेव्हा मुलांना घेऊन अमेरिकेला गेलेली होती. शेवटच्या घडीला घरचं कोणी जवळ नव्हतं.

आता आपल्या गोष्टीकडे वळू. रॉयल वाइल्डर आणि त्याची पत्नी एलायझा १८४६ साली हिंदुस्थानात आली. आधी अहमदनगर, मग १८५२ पासून कोल्हापूर. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि १८७८ साली वाइल्डरने मिशनकार्याला वाहिलेलं एक मासिक काढलं.

त्याच सुमारास आनंदीबाईंचे पती गोपाळराव नोकरीनिमित्त कोल्हापुरात होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायची त्यांची धडपड चालू होती. त्यांनी तिथल्या मिशनऱ्यामार्फत वाइल्डरकडे पत्र धाडलं. वाइल्डरने पत्र छापलं, पण उत्तर दिलं ते असं की ख्रिस्ताला शरण या. ही अट जोशी दांपत्याला मान्य नव्हती. विषय तिथेच संपायचा.

पण छापलेला कागद कुठे जाईल सांगता येत नाही. १८८० साली न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या होत्या. तिथे त्या मासिकाचा जुना अंक हाताला लागला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि ‘मावशी’चं नातं जुळलं. मिशनने घातलेली अट या ख्रिस्ती गृहिणीने घातली नाही.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हे कॉलेज केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेलं, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. एप्रिलमध्ये मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, पण पतीवाचून, त्या बोटीवर चढल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि तिथे दोघींनी बाप्तिस्मा घेतला. एकीने धर्म बदलला, दुसरीने राखला. ओढ दोघींची एकच, विद्येची.

१८८६ सालीच कोल्हापुरात जन्मलेल्या रॉबर्ट वाइल्डरने अमेरिकेत विद्यार्थ्यांची चळवळ सुरू केली. तिच्यातून पुढे हजारो तरुण मिशनकार्यासाठी परदेशी गेले. १८८७ साली वडील वारल्यावर त्याची आई आणि बहीण ग्रेस पुन्हा कोल्हापूर भागात कामाला आल्या. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस.

या कुटुंबांचा हेतू आपल्याला पटो वा न पटो, त्यांनी मोजलेली किंमत खरी होती, आणि ती बहुधा बायकामुलांनी मोजली. त्यांच्या अटींपुढे न झुकता त्यांच्याच वाटेने जाऊन शिकून आलेल्या आनंदीबाईंची किंमतही तितकीच खरी. आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, कल्याणची ही लेक आजही घरच्यांसारखी विसावली आहे.