तळटीप १२ : खंदकातली हिरवळ

१२. औशाच्या भुईकोटाभोवतीच्या खंदकासारख्या साचलेल्या पाण्यात हिरवळ दिसली की पाणी चांगले, असे मूळ मजकुरावरून वाटते; पण हिरवळ कोणती, हे आधी पाहावे. तळाशी मुळे धरणारी हायड्रिला वाढली, तर थोडा तरी उजेड तळापर्यंत पोचतो आहे. जलपर्णी आणि टिकलीएवढी लेम्ना तरंगत पाण्यातूनच नत्र-स्फुरद उचलतात. म्हणून त्यांचा दाट थर बहुधा सांडपाण्याकडे बोट दाखवतो. बाटलीतला नमुना त्या दिवसापुरता बोलतो, वनस्पती कित्येक आठवड्यांचा हिशेब देतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात अनेक तळीच आटतात, मग वनस्पती दिसल्या नाहीत तर त्यावरून पाण्याविषयी निष्कर्ष कसा काढणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच निष्कर्ष पावसाळ्यानंतर काय उगवते त्यावरून काढावा आणि रासायनिक तपासणीने पक्का करावा. — संपादक