गळतीचे गद्य

'आपल्या सदनिकेतील न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीमुळे आमच्या छताचे नुकसान होत असून, सदर बाब यापूर्वी दोन वेळा आपल्या निदर्शनास आणून दिलेली आहे.' हे वाक्य माझेच आहे. ते ज्यांना उद्देशून लिहिले ते आमच्या डोक्यावर, म्हणजे अगदी शब्दशः डोक्यावर, गेली पंधरा वर्षे राहतात. दिवाळीत आमच्या घरी त्यांच्याकडचे फराळाचे ताट येते. जिन्यात भेटलो तर आम्ही पावसाविषयी बोलतो. मात्र छताला ओल आली, पोपडे सुटले आणि एका रात्री चुलीच्या कट्ट्यावर गिलाव्याचा तुकडा पडला, तेव्हा माझ्या लेखणीतून 'सदर बाब' उतरली. मराठी शिकवणाऱ्या माणसाला याचे थोडे आश्चर्य वाटायला हवे. शेजाऱ्याशी भांडण्याची भाषा अशी कधीपासून झाली?

त्याचे उत्तर इमारतींच्या इतिहासात शोधावे लागते. चाळीत तक्रार तोंडी होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ आले; १९२० च्या दशकात बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या; खासगी मालकांच्या चाळी तर त्याआधीपासून होत्याच. नळ, संडास, गॅलरी सारे सामाईक. त्यामुळे कुरकुरही सामाईक होती आणि तिचा रोख ठरलेला असे : मालक. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूंना आधार मिळाला यात वाद नाही. पण त्या भाड्यात डागडुजी परवडत नाही, असे म्हणायला मालकही मोकळा झाला. इमारती खचू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला आणि 'सेसची बिल्डिंग' हा शब्दप्रयोग मुंबईकर मराठीत रुळला. गोठवलेल्या भाड्याची ही व्यवस्था आता समर्थनीय राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत डिसेंबर १९९७ उजाडला. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

'बटाट्याची चाळ' (१९५८) आपण विनोद म्हणून शिकवतो, 'अधांतर' गिरणगावाच्या वाताहतीचे नाटक म्हणून. दोन्ही योग्यच. पण या साहित्याला एक सोय आयती मिळाली होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मालक बाहेरचा होता, म्हणून आतल्या माणसांना 'आपण' म्हणता येत होते. चाळीतली भांडणे या 'आपण'च्या पोटातली. फ्लॅटने नेमके तेच सर्वनाम काढून घेतले.

१९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी मध्यमवर्गाला 'ओनरशिप'चा ब्लॉक दिला. आता सगळेच मालक. पण कशाचे? सदनिकेचे, हे खरे. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे करून द्यायची ती विकासकाने, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. असंख्य ठिकाणी ते वर्षानुवर्षे झाले नाही. म्हणून २००८ साली 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. (हा शब्द उच्चारताना आमच्या संस्थेच्या सभेत दरवर्षी कोणीतरी अडखळतो.)

पनवेलमध्ये ही गोष्ट दोन अंगांनी घडली. एकीकडे १८५२ पासून नगरपालिका असलेले जुने गाव : वडाळे तळ्याच्या आसपासचे वाडे, कौलारू घरे, ती एकेक करून विकासकांकडे गेली आणि तिथे बिनलिफ्टच्या तीन-चार मजली इमारती आल्या. दुसरीकडे, रेल्वेमार्गापलीकडे, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचे नवीन पनवेल. तिथले मूळ वाटपच साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. २०१६ साली दोन्ही एका महानगरपालिकेत आली, आणि आता दोन्हींकडच्या गच्च्यांवर निळे-पांढरे पत्र्याचे छप्पर चढलेले दिसते. ते सौंदर्यासाठी नाही, हे सांगायला नको.

कौलारू घर गळे तेव्हा पावसाआधी माणूस बोलावून कौले शाकारून घेत. गळती दिसे, तिची जागा सापडे. सिमेंटचा स्लॅब तसा प्रामाणिक नाही. पाणी एका ठिकाणी शिरते आणि भलत्याच ठिकाणी उगवते. आतली सळई गंजली की फुगते, फुगली की वरचे काँक्रीट फोडते, आणि फुटलेल्या जागेतून पुन्हा पाणी शिरते. खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर क्षार हे काम आतूनच सुरू करतात. बरे, हा स्लॅब कोणाचा? माझे छत ती त्यांची जमीन. संस्थेचे आदर्श उपविधी या प्रश्नाला शक्य तितके तोंड देतात : गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्याचे छत बिघडले तर खर्च संस्थेचा, बाहेरची सामाईक पाइपलाइन गळली तरी संस्थेचा, सदनिकेच्या आतली दुरुस्ती ज्याची त्याने करावी. कागदावर हे स्पष्ट आहे. पाणी मात्र उपविधी वाचून वाहत नाही.

म्हणून पत्रे. संस्थेची इतिवृत्ताची वही कोणी अभ्यासक चाळील तर त्याला आपल्या वर्गाचा मोठा दस्तऐवज सापडेल. आमच्या वहीत 'विषय क्र. ४ : गळती' हा मथळा सलग अकरा वर्षे आहे आणि त्याखाली 'चर्चा होऊन विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले'. त्यामागची आरडाओरड, कोणाचा चढलेला आवाज, कोणी सभा सोडून जाणे, यांतले काही वहीत नाही. कर्मणी प्रयोगात कोणीच कोणाला काही म्हणत नाही. चाळीतली तोंडी तक्रार विरून गेली तरी लेखकांनी ती उचलली. ही लिखित तक्रार टिकून आहे आणि अजून तिला कोणी हात लावलेला नाही.

या भाषेची किंमत मोजावी लागते. पंधरा वर्षांवरील इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावे, असे उपविधी सांगतात. आमचे पहिले परीक्षण चौतिसाव्या वर्षी झाले, तेही २४ ऑगस्ट २०२० रोजी आमच्याच जिल्ह्यात महाडची 'तारिक गार्डन' कोसळून सोळा माणसे गेल्यानंतर. ती इमारत आमच्याहून कितीतरी नवी होती. त्या आठवड्यात आमच्या जिन्यात माणसे प्रथमच खालच्या आवाजात बोलत होती. वर्गणी किती, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही, महिन्याभराने काढला.

परीक्षणाला आलेला अभियंता छोट्या हातोडीने आमचे छत ठोकत फिरला. पोकळ आवाज आला की खडूने खूण. मग वरच्या न्हाणीघराची फरशी उखडली तेव्हा कळले, गळत होता तो भिंतीतला उभा पाइप, चारही मजल्यांना सामाईक. वरच्या वहिनींनी चहा केला. माझी तिन्ही पत्रे त्यांच्याकडे एका प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली होती. ती त्यांनी मला परत दिली आणि विचारले, "आता हीच संस्थेच्या नावाने करून देता का? आमचीही सही घ्या."