छद्दन्ताचा कळप आणि शिकाऱ्याची नजर

मीरा रोड येथील बेव्हर्ली पार्क वसाहतीच्या पूर्वेस जी वनाच्छादित डोंगररांग आहे, तिच्या दक्षिणेकडील भागात कान्हेरीची लेणी आहेत. आज हा प्रदेश संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो व तेथे बिबट्याचा वावर आहे. कान्हेरीच्या लेणे क्र. ३ मधील काही स्तंभशीर्षांवर पूजाप्रसंगी हत्ती कोरलेले आहेत. उपासकांच्या मेळ्यात पशूला हे स्थान का मिळावे? याचे उत्तर जातककथांत आहे, आणि त्याचा बोलका चित्ररूप पुरावा अजिंठ्याच्या लेणे क्र. १० मध्ये आहे.

तेथे छद्दन्त जातक रंगविले आहे. पूर्वजन्मीचे वैर धरून वाराणसीची राणी हस्तिराजाचे सुळे मागते. सोणुत्तर हा शिकारी काषाय वस्त्र पांघरून, खड्ड्यात दडून त्याला विषारी बाण मारतो. हस्तिराज त्याला सहज चिरडू शकला असता. परंतु ते वस्त्र पाहून तो क्रोध आवरतो. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा स्वतःच सोंडेत करवत धरून ते कापून देतो. सुळे पाहताच राणीचे हृदय विदीर्ण होते.

चित्रकाराने मात्र केवळ दानपारमितेचे प्रतीक रंगविलेले नाही. वटवृक्षाखालचा कळप, कमळांच्या सरोवरातील जलक्रीडा, देहांची ठेवण यांत अरण्यातील हत्ती प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष मिळते. बोधिसत्त्वाचा थोरपणा त्याने खऱ्याखुऱ्या पशूच्या ठायी दाखविला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

योगायोग असा, की १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असता याच लेण्यापाशी आला आणि त्याने स्तंभावरील चित्रावर आपले नाव कोरले. शिकारी पुन्हा एकदा हस्तिराजापुढे उभा राहिला, असेच म्हणावे लागेल. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती करू लागले. १८८५ मध्ये त्यांतील अनेक प्रतिकृती लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या.

प्रतिकृतीतून रेषा हाती येते. दृष्टी येईलच असे नाही. सोणुत्तरानेही तो कळप दिवसेंदिवस बारकाईने न्याहाळला होता. निरीक्षण शिकाऱ्याजवळही असते. त्याला करुणेची जोड मिळाली, तरच वन्यजीवांचे चित्र अजिंठ्याचा वारसा सांगू शकेल.