शर्यतीच्या मोटारीचें चाक

शर्यतीची मोटार पाहावयास जमलेला प्रेक्षक पहिला प्रश्न विचारतो तो इंजिनाविषयीं. तें किती अश्वशक्तीचें आहे? गाडी किती वेगानें पळते? चाकाविषयीं क्वचितच कोणी पृच्छा करतो. वास्तविक गाडीचा आणि जमिनीचा संबंध येतो तो केवळ चार ठिकाणीं, आणि साध्या मोटारींत त्यांपैकीं प्रत्येक ठिकाण माणसाच्या पंजाहून फारसें मोठें नसतें. इंजिनाची सारी शक्ति, ब्रेकांचा सारा जोर आणि वळणावर गाडीला बाहेर ओढणारा सारा ताण हीं एवढ्याशा जागेंतूनच जमिनीवर उतरावयाचीं असतात. म्हणून चाक केवढ्या व्यासाचें असावें, किती रुंद असावें, त्यावर कोणतें रबर चढवावें, हा प्रश्न मोटारींच्या शर्यतींइतकाच जुना आहे. त्याचें एकच एक उत्तर कधींच सांपडलें नाहीं. एका बाजूनें कांहीं मिळवावें, तर दुसऱ्या बाजूनें कांहीं द्यावें लागतें, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडील बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती झिजते, पण फुटत नाहीं. पहिल्या मोटारींपैकीं पुष्कळशा भरीव रबराच्या धावेवर चालत, आणि त्यांचेंही हेंच सुख होतें. हवा भरलेल्या टायरचें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थांनीं १८४५ सालींच घेतलें होतें. पण तें विस्मृतींत गेलें. पुढें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं तीच कल्पना सायकलच्या चाकासाठीं पुन्हां साकार केली. मोटारीसारखें जड वाहन हवेवर तोलतां येईल, हें मात्र पुष्कळांना खरें वाटत नव्हतें.

तें खरें करून दाखविण्याचा हट्ट फ्रान्समधील क्लेर्मां-फेरां गांवच्या आंद्रे व एदुआर मिशेलिन या बंधूंनीं धरला. १८९५ च्या जून महिन्यांत पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची सुमारें १,१८० किलोमीटरांची शर्यत झाली. तींत या बंधूंनीं हवेच्या टायरांवर चालणारी आपली गाडी उतरविली. गाडीचें नांव ‘एक्लेर’, म्हणजे वीज. परंतु वाटेंत टायर इतक्या वेळां फुटले कीं, विजेची चाल कांहीं तिला साधली नाहीं. भरीव रबराच्या चाकांवर धांवणारे एमिल लव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत परत आले. त्यांची गाडी दोनच बैठकींची असल्यामुळें पहिलें बक्षीस त्यांना मिळालें नाहीं, ही गोष्ट निराळी. ‘एक्लेर’ फार मागून आली, पण आली. हवेच्या चाकांवर गाडीला धक्के कमी बसतात, धक्के कमी म्हणून सांगाडा हलका करतां येतो, आणि हलकी गाडी अधिक वेगानें पळते, हा हिशेब लवकरच इतर कारखानदारांनाही पटला, आणि शर्यतींच्या गाड्यांवरून भरीव रबर नाहींसें झालें.

या व्यवहाराचा खरा कस लागला तो १९०६ सालीं. फ्रान्सच्या मोटार क्लबनें ले मान्स शहराजवळ २६ व २७ जून या दोन दिवशीं पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत भरविली. एक फेरा १०३ किलोमीटरांचा. असे रोज सहा, म्हणजे दोन दिवसांत बारा फेरे. ३२ गाड्या निघाल्या. नियम असा कीं, गाडीचें वजन १,००० किलोग्रॅमपेक्षां अधिक नसावें (मॅग्नेटो असल्यास आणखी सात किलोंची सवलत), आणि वाटेंत कांहीं बिघडल्यास चालक व त्याच्या शेजारीं बसलेला मेकॅनिक यांनींच तें दुरुस्त करावें. तिसऱ्याचा हात लागतां कामा नये. उन्हाळा कडक होता. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर घातलेलें डांबर उन्हानें व चाकांच्या घर्षणानें वितळलें, आणि तें उडून चालकांच्या तोंडावर व डोळ्यांत जाऊं लागलें.

अशा रस्त्यावर टायर फुटत ते एकामागून एक. ज्या श्रोत्यांनीं सायकलचा टायर रिमवरून उचकटला असेल, त्यांनीं या कामाची कल्पना करावी. टन-वजनी गाडीचा टायर रिमवर घट्ट बसलेला. तो सुरीनें कापून काढावयाचा, आणि तापलेल्या रिमवर नवा टायर अंगबळानें चढवावयाचा. हें काम पाव तास खाई. मिशेलिनच्या कारखान्यानें त्यावर युक्ति काढली. टायर आधींच चढवून, हवा भरून तयार ठेवलेली सुटी रिम! आठ नट सैल करावे, जुनी रिम टायरासकट ओढून काढावी, नवी बसवावी, नट आवळावे. सारें काम चार मिनिटांच्या आंत आटोपे.

पण या सुट्या रिमचें वजन होतें. एका चाकामागें सुमारें नऊ किलो अधिक. चारही चाकांना ती लावली तर छत्तीस किलो. आणि ज्या गाड्यांचें वजन मर्यादेला येऊन भिडलें होतें, त्यांना तेवढें वजन दुसरीकडून छाटून काढणें शक्य नव्हतें. रेनो कारखान्यानें मधला मार्ग पत्करला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, तेव्हां तींच अधिक झिजणार. म्हणून सुट्या रिम मागच्या चाकांनाच लावल्या आणि पुढचीं चाकें जुन्या पद्धतीचींच ठेविलीं. या गाडीवर फेरेंत्स सीस हे हंगेरियन चालक होते. मुळांत ते लुई रेनो यांच्या शेजारीं बसणारे मेकॅनिक. बारा तास चौदा मिनिटांत, ताशीं १०१ किलोमीटरांच्या सरासरीनें, त्यांनीं शर्यत जिंकली. दुसरे आलेले फिआटचे फेलीचे नाझ्झारो बत्तीस मिनिटें मागें होते. शेवटपर्यंत पोहोंचल्या त्या अवघ्या अकरा गाड्या. या विजयांत तेरा लिटरांच्या इंजिनाचा वाटा होताच. परंतु दोन चाकांवर अठरा किलोंचा बोजा घ्यावयाचा आणि दोन चाकांवर तो नाकारावयाचा, हा निर्णय त्याहून कमी महत्त्वाचा म्हणतां येणार नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या क्लबानें सुटी रिम चालवून घेतली, त्यानेंच १९०८ सालीं इंग्लंडच्या नेपिअर कारखान्याचीं सबंध सुटीं होणारीं चाकें मात्र नामंजूर केलीं, आणि नेपिअरनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. नियम करणारांची तर्कपद्धति कधीं कधीं अशीच असते.

त्या काळचीं चाकें उंच आणि अरुंद असत. खड्ड्यांतून उंच चाक सहज निघून जातें, हें कोणताही गाडीवान सांगेल. पण रस्ते गुळगुळीत झाले, शर्यतींसाठीं खास धावपट्ट्या झाल्या, आणि उंचीचा तो लाभ राहिला नाहीं. उलट तोटे दिसूं लागले. मोठें चाक जड असतें, आणि त्याचें वजन परिघाकडे असल्यामुळें तें गति घेण्यास व सोडण्यास आळशी असतें. शिवाय हें वजन स्प्रिंगांच्या खालचें. तें जितकें अधिक, तितकें चाक खड्ड्यावरून उडून पुन्हां जमिनीला चिकटण्यास वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांचा व्यास उतरत गेला व रुंदी वाढत गेली. १९७१ पासून नक्षी नसलेले गुळगुळीत टायर आले. फॉर्म्युला वन शर्यतींत पुढें तेरा इंची रिम रूढ झाली ती थेट २०२१ पर्यंत. २०२२ सालीं तेथें अठरा इंची रिम आली. या बदलामागें वेगाचा हव्यास नव्हता. रस्त्यावरील मोटारींना मोठीं चाकें आलीं होतीं, आणि टायर करणारांना शर्यतींतील टायर त्यांच्या जवळ आणावयाचा होता. चाकें वजनानें वाढलीं, हें ओघानेंच आलें.

लहान चाकाचा मोह सर्वांत अधिक कोणाला पडला असेल, तर तो टिरेल संघाचे रचनाकार डेरेक गार्डनर यांना. पुढचीं चाकें वाऱ्याला अडवितात. तीं गाडीच्या नाकाड्यामागें लपविलीं तर वारा वरून सरकून जाईल, असा त्यांचा विचार. पण लपण्याइतकें लहान चाक पुरेशी पकड देणार कसें? गार्डनर यांनीं उत्तर दिलें: दोहोंऐवजीं चार. १९७६ सालीं त्यांची ‘पी ३४’ ही सहा चाकांची गाडी शर्यतींत उतरली. पुढें दहा-दहा इंची चार चाकें, मागें नेहमींचीं मोठीं दोन. लोक हंसले. १३ जून १९७६ रोजीं स्वीडनमधील अँडरस्टॉर्पच्या शर्यतींत जोडी शेक्टर पहिले आणि पॅट्रिक डेपाये दुसरे आले, दोघेही याच गाडीवर, आणि हसूं थांबलें.

दुर्दैव पुढेंच होतें. दहा इंची टायर जगांत एकाच संघाला लागत होते. ते करणाऱ्या गुडइअर कंपनीनें इतर सर्वांच्या टायरांत सुधारणा चालू ठेविली; एकट्या गिऱ्हाइकासाठीं तितकाच खटाटोप करणें तिला परवडण्यासारखें नव्हतें. परिणामीं मागचे टायर सुधारत गेले आणि पुढचे मागें पडले. १९७७ सालीं पकड वाढावी म्हणून पुढचीं चाकें बाहेर सरकविलीं, तेव्हां तीं नाकाड्याच्या आडोशांतून वाऱ्यांत आलीं, आणि मूळ हेतूच संपला. १९७८ सालीं टिरेल संघ चार चाकांच्या गाडीकडे परतला. १९८३ पासून नियमानेंच चारांहून अधिक चाकें वर्ज्य झालीं. गार्डनर यांचा तर्क चुकला नव्हता. पण रबराची भट्टी त्यांच्या हातीं नव्हती.

ज्यांच्या हातीं ती भट्टी होती, त्यांनाही एकदां पेंच पडला. २००५ सालीं फॉर्म्युला वनमध्यें असा नियम होता कीं, पात्रता-फेरी व शर्यत दोन्हीं एकाच टायरसंचावर पार पाडावीं. १९०६ मध्यें टायर झटपट बदलून ज्यांनीं शर्यत जिंकून दिली, त्याच मिशेलिन कंपनीला आतां न बदलतां टिकणारा टायर द्यावयाचा होता. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें उतरत्या भिंतीसारख्या वेगवान वळणावर, सरावाच्या दिवशीं राल्फ शूमाखर यांच्या गाडीचा मागचा डावा टायर निकामी होऊन गाडी आदळली. या वळणावर वेग कमी केल्याशिवाय टायर सुरक्षित राहतील अशी हमी देतां येत नाहीं, असें कंपनीनें स्वतःच कळविलें. वळणावर अडथळा घालण्याची सूचना नियामकांनीं फेटाळली. १९ जून रोजीं वीसही गाड्या रांगेनें निघाल्या, आणि प्राथमिक फेरा संपतांच मिशेलिन टायरांच्या चौदा गाड्या बाजूला वळून आंत गेल्या. हजारो प्रेक्षकांसमोर ब्रिजस्टोन टायरांच्या सहाच गाड्यांनीं शर्यत पुरी केली. प्रेक्षकांनीं रागानें बाटल्या भिरकावल्या. तिकिटांचे पैसे पुढें मिशेलिननें परत केले. मायकेल शूमाखर पहिले आले. आणि जॉर्डन संघाच्या गाडीवर चौथे आले नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्यें भारतीय चालकाच्या नांवावर पडलेले ते पहिले गुण होते.